सोडून देताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या बैठकीच्या खोलीत, कपाटाच्या काचेआड एक फोटो आहे. मी गुडघाभर पाण्यात उभा आहे, मागे देवदारांचा उतार आहे आणि माझ्या दोन्ही हातांत एक मासा आहे. सोनेरी पोट, अंगावर काळे आणि लाल ठिपके. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो फोटो पाहून विचारतो, ‘‘हा कुठला मासा? आणि मग खाल्लात की नाही?’’ मी मोठ्या रुबाबात सांगत असे, ‘‘ही ट्राउट. खायला नव्हती पकडली. फोटो काढला आणि सोडून दिली.’’

हे मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. राहिलेला भाग आज सांगावा, म्हणून तुमच्यासमोर आलो आहे.

मी राहतो बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. उल्हास नदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आता तिथे इमारती झाल्या, पण माझ्या लहानपणी नदीकाठी जाताना भातखाचरांच्या बांधावरून जावं लागे. आम्ही चौघे मित्र. पुढे एक अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला, एक रेल्वेत, एक शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला आणि मी पोस्टात चिकटलो. पण रविवारी सकाळी चौघांच्या हातात बांबूची काठी, गळ आणि करवंटीत ओल्या मातीसकट गांडुळं, हा नेम मात्र सुटला नाही. शिंगटी मिळे, खवली मिळे, कधी वाम, नशीब जोरावर असेल तर मरळ. मिळालेला मासा घरी जायचा. पकडलेला मासा सोडायचाही असतो, हे आमच्या गावी नव्हतं. सोडून आलो असं आईला सांगितलं असतं, तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

नोकरीतून मोकळे व्हायची वेळ जवळ आली तेव्हा मास्तरने कुठेसं हिमाचलातल्या ट्राउटबद्दल वाचलं आणि आमच्या मागे लागला. एकदा जायचंच. असे आम्ही २०११ च्या एप्रिलमध्ये निघालो. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे औटपर्यंत बस, तिथून बंजार आणि मग तीर्थन नदीचं खोरं. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून निघते आणि लारजीजवळ बियासला मिळते. पाणी इतकं स्वच्छ, की तळातला गोटा अन् गोटा मोजावा. आणि गार असं, की पाच मिनिटांत पायांची जाणीव जाते. ट्राउटला असंच पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर तापलं, की तिचा जीव घाबरा होतो. आपल्या उल्हासात ती एक उन्हाळा काढू शकणार नाही.

तिथे मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अंडी घालण्याच्या काळात, ट्राउट पकडायला बंदी असते. एक स्थानिक वाटाड्या आम्ही बरोबर घेतला. पंचविशीचा पोरगा, बोलायला कमी. आमचे गळ त्याने आधी हातात घेतले, खिशातून पक्कड काढली आणि प्रत्येक गळाचा आतला उलटा काटा दाबून सपाट करून टाकला. फॅक्टरीवाला म्हणाला, ‘‘अरे, मग मासा राहील कसा?’’ तो हसला. ‘‘रहेगा, साहब. दोरी ढीली मत छोड़ना.’’

आता या मासेमारीचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्यापेक्षा अगदी उलटं आहे. आपल्या दोरीला शिसं बांधलेलं असतं. शिसं भिरकावलं की हलकी दोरी त्याच्यामागे जाते. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. ती जाड दोरी हवेत पुढे-मागे झुलवायची, लय धरायची आणि शेवटी अशी सोडायची, की माशी पाण्यावर आपल्या आपण उतरल्यासारखी टेकली पाहिजे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबलेली असते आणि वाहत येणारे किडे टिपत असते. आपली माशी पाण्याच्या वेगापेक्षा जराही वेगळी सरकली, की ती ढुंकून बघत नाही. म्हणून वाटाड्याने पहिल्या दिवशी काठी हातात देण्याआधी पाण्यातले दगड उलटे करून दाखवले. दगडांच्या पोटाला चिकटलेल्या अळ्या, वाळूचे कण जोडून केलेली त्यांची घरं. ‘‘पहले ये देखो. मछली यही देखती है.’’

चाळीस वर्षं मी नदीत गळ टाकला, पण दगड उलटून कधी पाहिला नव्हता.

दोन दिवस काहीच लागलं नाही. माझी माशी पाण्यापेक्षा मागच्या झुडपांतच जास्त अडकली. तिसऱ्या दिवशी सकाळी, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, दोरीला झटका बसला. दहा मिनिटं मी आणि तो मासा. पोस्टातल्या सबंध नोकरीत माझी छाती एवढी धडधडली नव्हती. वाटाड्याने हातजाळीत मासा घेतला आणि आम्ही चौघांनी एकच गलका केला.

मग फोटो सुरू झाले.

मास्तरकडे नवा डिजिटल कॅमेरा होता. ‘‘थांब, ऊन तोंडावर घे.’’ ‘‘मासा जरा पुढे धर, मोठा दिसेल.’’ ‘‘आता मी धरतो, तू माझा काढ.’’ चौघांचे चार, मग सगळ्यांचा मिळून एक. तो वाटाड्याला काढायला सांगितला, तर त्याला बटण सापडेना. मध्ये मासा माझ्या हातातून सुटून गोट्यांवर आपटला. फॅक्टरीवाल्याने तो कोरड्या हातरुमालात धरून उचलला. वाटाड्या दोनदा म्हणाला, ‘‘साहब, पानी में.’’ आम्ही म्हणालो, ‘‘बस, एक मिनट.’’

मग मी मासा पाण्यात सोडला. तो हातातून निघाला, वळला, खोल पाण्यात दिसेनासा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्ही केवढे सुधारलेले! तासाभराने खालच्या डोहावर गेलो, तर तो कडेला पोट वर करून तरंगत होता. ठिपक्यांवरून मी त्याला ओळखला. वाटाड्याने तो उचलला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘अब इसे खा लेना. फेंकना मत.’’

रात्री तो खाल्ला. कुणी फारसं बोललं नाही. परतीच्या गाडीत मास्तर कॅमेऱ्यातले फोटो पाहत होता. प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते. त्याने पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ मला दाखवली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तो म्हणाला, ‘‘गळाने नाही रे मेला तो. माझ्या कॅमेऱ्याने मेला.’’

मी म्हटलं, ‘‘कॅमेरा तुझा, हात माझे होते.’’ घरी आल्यावर मात्र चौघांनीही सगळ्यांना हेच सांगितलं, की सोडून दिला.

पुढे मास्तरनेच शोध घेतला. कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांचा १९९२ सालचा एक अभ्यास त्याच्या वाचनात आला. त्यांनी रेनबो ट्राउट दमेपर्यंत पळवल्या, म्हणजे गळाला लागल्यावर होते तशी त्यांची दमछाक केली. नंतर काहींना पाण्यातच राहू दिलं, काहींना तीस सेकंद हवेत धरलं आणि काहींना साठ सेकंद. पाण्यात राहिलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के मेल्या. तीस सेकंद हवेत राहिलेल्यांपैकी ३८ टक्के. आणि पूर्ण एक मिनिट हवेत राहिलेल्यांपैकी ७२ टक्के. सोडताना त्या पोहत जातात. मरतात त्या नंतर, आपली पाठ वळल्यावर. आपण धावत दुसऱ्या मजल्यावर चढून आलो आणि लगेच कुणी नाक-तोंड दाबून धरलं, तर कसं होईल? माशाचे कल्ले पाण्याबाहेर एकमेकांना चिकटतात, त्यांना श्वास घेताच येत नाही. शिवाय त्याच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं चिलखत. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं, की तो निघून येतो आणि रोगाला दार उघडं होतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. जुने फोटो पाहा. मासा टांगलेला, शेजारी बंदूक धरावी तशी काठी धरून माणूस उभा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर पकडला. त्या काळात मासा मेलेलाच असायचा, फोटो निवांत काढा. आता आपण म्हणतो, आम्ही मारत नाही, सोडतो. चांगलं आहे. पण मग सोडण्याचं शास्त्रही शिकायला नको का?

श्रोतेहो, ‘सोडणं’ या शब्दाने मला तेव्हापासून पछाडलं. त्यातून एक गोष्ट कळली, की ज्या ट्राउटला आम्ही रानातली म्हणून पाहायला गेलो, तीही मुळात कुणीतरी सोडलेलीच होती. ट्राउट भारतातली नाही. इंग्रजांना आपल्या देशातला मासा इथे हवा होता. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने कुल्लूत तिची पैदास सुरू झाली. शंभर वर्षांत ती तिथलीच होऊन गेली, गावांना पर्यटनाचे चार पैसे मिळू लागले. पण त्या नद्यांत मूळचा राहणारा मासा होता, त्याला तिकडे गुगली म्हणतात. त्याच्या खाण्यावर आणि जागेवर नवा पाहुणा बसला. त्याचा फोटो काढायला मात्र मुंबईहून कुणी जात नाही.

आणि हे फक्त इंग्रजांनीच केलं असं नाही. आपल्या महाराष्ट्राचा महसीर आहे, त्याला आपल्याकडे खडस किंवा खडशी म्हणतात. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात ‘खुद्री’ हा शब्द ठेवला. हा मासा कमी होत चालला, तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावावर, त्याची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखवली. हे फार मोठं काम होतं. त्या केंद्रातून लाखो पिल्लं देशभरातल्या तलावांत आणि नद्यांत गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. जगातला सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. आपला खडस तिथे इतका रुळला, की मूळ मासा मागे पडत गेला. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. हेतू उत्तम होता, माणसंही जाणकार होती. पण कुठला मासा कुठल्या पाण्यात सोडायचा, याचा पुरेसा विचार तेव्हा होत नव्हता.

यात आम्हा गळवाल्यांना थोडा धीर देणारी एक गोष्ट आहे. कावेरीतला तो बदल शास्त्रज्ञांना समजला कशावरून? तिथल्या एका कॅम्पमध्ये मासे पकडून सोडणाऱ्या हौशी लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींवरून. कुठला मासा, किती वजनाचा, कोणत्या वर्षी. म्हणजे हौस जर नीट डोळे उघडे ठेवून केली आणि लिहून ठेवली, तर तिचा उपयोग होतो.

तेव्हापासून आम्ही चौघांनी आमचे नियम केले. गळाचा उलटा काटा दाबायचा. हात आधी ओले करायचे. मासा जाळीत, जाळी पाण्यात. कॅमेरा आधी तयार, मासा नंतर वर. मासा वर उचलताना आपण स्वतःचा श्वास रोखायचा आणि श्वास सोडावासा वाटला, की मासा पाण्यात. एक मासा, एक फोटो. नाही आला तर नाही आला. आणि एप्रिल-मेच्या उन्हात गळ टाकायचाच नाही, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा दमलेला मासा सावरत नाही. रेल्वेवाला म्हणतो, ‘‘एवढे नियम तर आमच्या सिग्नललाही नाहीत.’’ पण पाळतो.

मास्तरचे फोटोही बदलले. आता त्याच्या फोटोत माणूस क्वचित असतो. पाण्याखालची पाठ, जाळीतलं एक कल्ल्याचं झाकण, सुटताना उडालेला चिखल. मला ते फोटो आधी आवडायचे नाहीत. आता त्यांच्यात जास्त मासा दिसतो.

आणि हे सगळं आम्ही आता उल्हासवर करतो. तीर्थनला पुन्हा गेलो नाही. उल्हास राजमाचीच्या दरीतून येते, कर्जत, नेरळ करत आमच्याकडे पोचते. उन्हाळ्यातही ती वाहती असते, त्याचं एक कारण भिवपुरीचं वीजकेंद्र. १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी वीज करून खाली तिच्या खोऱ्यात उतरतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, एवढी शहरं हे पाणी पितात. आणि मग तिच्यात काय सोडतात? इथे हा शब्द मला पुन्हा भेटतो. सांडपाणी सोडतात. कारखान्यांचं रसायन सोडतात. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं. ते ज्या वालधुनीच्या काठी बांधलं, त्या नदीला आज लोक नाला म्हणतात. पुढे ती उल्हासलाच मिळते. हा प्रश्न हरित लवादापुढे गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. वरून छान दिसते, फोटोही सुंदर येतो. खाली मासा गुदमरत असतो. घरातल्या काचेच्या टाकीतले कंटाळा आलेले मासेही लोक दया म्हणून नदीत सोडतात. ती दया नव्हे. ते कावेरीचंच लहान रूप आहे.

मग काही सोडूच नये का? तसं नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. त्या डोहातले महसीर देवीचे म्हणून कुणी पकडत नाही. लोक येतात, पाण्यात कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. आम्ही चौघे तिथे गेलो, तेव्हा काठ्या घरीच ठेवल्या होत्या. मास्तरने दिवसभर काठावर पालथं पडून फोटो काढले. एकाही माशाला बोट लागलं नाही. परत येताना फॅक्टरीवाला म्हणाला, ‘‘आपल्या डोक्यात गळ आणि जाळी सोडून दुसरं काही आलंच नव्हतं. यांच्या पूर्वजांच्या डोक्यात मासा तिथेच राहू देणं आलं.’’

आता शेवटची गोष्ट. २०१९ च्या जुलैत उल्हासला मोठा पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो पूर. आमच्याकडेही पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर सगळे चिखल काढत होतो, तेव्हा शेजारचा दहा-बारा वर्षांचा मुलगा पळत आला. ‘‘आजोबा, आमच्या हौदात मासा!’’ पाहतो तर हातभर लांबीची मरळ. त्याने ती बादलीत घेतली, आईचा फोन आणला आणि बादलीवर वाकून फोटो काढू लागला. मी म्हटलं, ‘‘अरे, वर उचल थोडी, नीट दिसेल. मरळीला चालतं, ती बाहेरची हवा घेते. लगेच मरत नाही.’’

तो म्हणाला, ‘‘नको. तुम्हीच सांगितलंय ना, पाण्यातच ठेवायचा. आणि आजोबा, ही आपल्याच नदीतली ना? मग नदीतच सोडायची ना?’’

हो म्हटलं. बादली दोघांनी धरून नदीवर नेली. पाणी अजून गढूळ होतं. मरळ गेली, ती कुठे गेली ते दिसलं नाही. ती जगली का, हे मला ठाऊक नाही, आणि या वेळी मी तसं कुणाला सांगितलंही नाही.

कपाटातला तो फोटो मी काढून टाकलेला नाही. पण आता कुणी विचारलं, की सांगतो, ‘‘हा मासा मी सोडला होता, पण सोडायला उशीर केला.’’